वर्डप्रेसची मेमरी लिमिट आणि सर्व्हरचा हिशेब

मेमरी लिमिट म्हणजे पीएचपीच्या एका विनंतीला सर्व्हरवरची जास्तीत जास्त किती मेमरी घेता येईल, याची ठरवून दिलेली मर्यादा. वाचकाने संकेतस्थळाचे एक पान उघडले की सर्व्हरवर पीएचपीची एक प्रक्रिया त्या पानाच्या कामाला लागते. ती वर्डप्रेसच्या फाइली वाचते, चालू असलेले सगळे प्लगइन उचलते, डेटाबेसमधून मजकूर आणते, पान बांधते आणि पाठवून देते. एवढ्यात तिने मर्यादा ओलांडली तर काम तिथल्या तिथे तुटते. पूर्वी अशा वेळी पडदा कोराकरकरीत पांढरा दिसे आणि ‘साइट पांढरी पडली’ असा फोन येई. २०१९ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.२ पासून त्या जागी ‘गंभीर चूक झाली आहे’ असा निरोप दिसतो आणि ॲडमिनच्या पत्त्यावर ईमेल जातो. फोन मात्र तसाच येतो.

त्या वेळी लॉगमध्ये पडणारी ओळ देखभाल करणाऱ्यांना तोंडपाठ असते. परवानगी असलेले १३४२१७७२८ बाइट संपले, आणखी २०४८० बाइट घेण्याचा प्रयत्न झाला, असे तिच्यात म्हटलेले असते. पुढे एका फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. पहिला आकडा कुणाच्या तरी मोबाइल नंबरसारखा दिसतो, त्यामुळे नवखा माणूस त्याच्याकडे काणाडोळा करतो. खरे तर सगळ्यांत कामाची गोष्ट तीच. त्याला १०२४ ने दोनदा भागले की १२८ येतात, म्हणजे त्या क्षणी मर्यादा १२८ मेगाबाइट होती. ६७१०८८६४ दिसले तर ६४ आणि २६८४३५४५६ दिसले तर २५६. फाइलमध्ये २५६ लिहूनही लॉगमध्ये १३४२१७७२८ च येत असेल, तर केलेला बदल लागूच झालेला नाही. हे एवढे ओळखता आले तरी अर्धा दिवस वाचतो.

ओळीच्या शेवटी ज्या फाइलचे नाव असते, तिच्यावर मात्र फारसा विश्वास ठेवू नये. मर्यादा संपली तेव्हा मेमरी मागत असलेली ती फाइल, एवढेच तिथे नोंदलेले असते. शेवटी चढलेल्या माणसामुळे एसी लोकलचे दार लागत नाही, म्हणून अख्खा डबा त्यानेच भरला असे होत नाही. पुष्कळदा तिथे वर्डप्रेसच्या डेटाबेस वर्गाच्या फाइलचे नाव असते, कारण भरमसाट मजकूर आणण्याचे काम तिच्याकडून होते; ते आण म्हणून सांगणारा प्लगइन वेगळाच असतो. ओळीत नाव आले म्हणून एखादा निरपराध प्लगइन काढून टाकला जातो, साइट योगायोगाने थोडी हलकी होऊन चालू होते आणि निदान बरोबर आल्याचे समाधान मिळते. आठवड्याभराने तीच ओळ दुसऱ्या फाइलच्या नावानिशी परत येते.

पीएचपीची मूळ मर्यादा एके काळी ८ मेगाबाइट होती. ५.२.० या आवृत्तीत ती १६ झाली आणि पुढे १२८ वर गेली; आजही हाच मूळ आकडा आहे. वर्डप्रेसचे स्वतःचे आकडे वेगळे आहेत: साध्या साइटसाठी ४०, मल्टिसाइटसाठी ६४ आणि ॲडमिनमधल्या जड कामांसाठी २५६ मेगाबाइट. या दोन पातळ्यांचा घोळ अनेक वर्षे काम केलेल्या लोकांच्याही डोक्यात असतो. वर्डप्रेस आपल्या आकड्याने पीएचपीची मर्यादा फक्त वाढवू पाहते, कमी करत नाही. पीएचपीत १२८ असताना वर्डप्रेसमध्ये ६४ लिहिले तर १२८ च राहतात. उलट वर्डप्रेसमध्ये ५१२ लिहिले आणि सर्व्हरने ती मर्यादा कुलूपबंद केली असेल, तर वर्डप्रेसची मागणी मुकाट्याने नाकारली जाते. कुठेही इशारा दिसत नाही.

हा आकडा लिहिण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि तिथेच वेळ जातो. पीएचपी डॉट आयएनआय ही मुख्य फाइल. पीएचपीच्या प्रक्रिया सांभाळणारे पीएचपी-एफपीएम वापरात असेल तर त्याच्या प्रत्येक पूलची फाइल वेगळी, आणि तिथे ‘पीएचपी ॲडमिन व्हॅल्यू’ म्हणून लिहिलेला आकडा खालच्या कुणालाच बदलता येत नाही. साइटच्या फोल्डरमध्ये डॉट युजर डॉट आयएनआय ठेवता येते. अपाचीसोबत पीएचपी मॉड्यूल म्हणून चालत असेल तर डॉट एचटीॲक्सेसमध्येही लिहिता येते. सगळ्यांत शेवटी वर्डप्रेसची डब्ल्यूपी-कॉन्फिग. जुन्या लेखांतून एचटीॲक्सेसची ओळ उचलून एफपीएमच्या सर्व्हरवर टाकली की मेमरी वाढत नाहीच, वर अख्खी साइट पाचशे नंबरची चूक दाखवते. मेमरीसाठी सुरू केलेल्या कामात साइट पूर्ण बंद पडण्याचे हे सगळ्यांत नेहमीचे कारण असावे.

युजर आयएनआयची खोड आणखी वेगळी. पीएचपी ही फाइल दर विनंतीला वाचत नाही. एकदा वाचली की मूळ मांडणीत ३०० सेकंद तेच धरून चालते. बदल करणारा माणूस पान ताजे करतो, जुनाच आकडा दिसतो, म्हणून तो दुसऱ्या फाइलीत लिहितो, मग तिसऱ्या. पाच मिनिटांनी पहिला बदल लागू होतो आणि श्रेय तिसऱ्या फाइलीला मिळते. पुढच्या वर्षी ती तिसरी फाइल बदलून काहीच होत नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यावर उपाय एवढाच: एक बदल, चहा, मग तपासणी.

लिहिण्यातल्या चुका त्याहून बारीक असतात. पीएचपीला २५६ आणि त्यापुढे इंग्रजी ‘एम’ हे एकच अक्षर हवे असते. सवयीने ‘एमबी’ लिहिले तर पीएचपी शेवटचे अक्षर पाहते, ‘बी’ ते गुणक म्हणून ओळखत नाही आणि २५६ हा आकडा नुसत्या बाइटमध्ये धरते. पीएचपी ८.२ पासून निदान इशारा तरी मिळतो. दुसरी चूक अवतरणचिन्हांची. कुणी तरी सूचना वर्डच्या फाइलीत लिहून पाठवते. वर्डने सरळ चिन्हांची वळणदार चिन्हे केलेली असतात. ती तशीच कॉन्फिगमध्ये चिकटवली की साइट बंद. तिसरी चूक जागेची. कॉन्फिगमध्ये ‘यापुढे काही बदलू नका’ अशा अर्थाची जी इंग्रजी ओळ असते, तिच्या वर हा आकडा लिहावा लागतो. अगदी तळाशी लिहिला तर वर्डप्रेसने आपला आकडा आधीच ठरवलेला असतो.

तपासणी ब्राउझरमधूनच करावी. वर्डप्रेस ५.२ पासून आलेल्या साइट हेल्थच्या माहिती पानावर, सर्व्हरच्या विभागात, चालू मर्यादा दिसते. टर्मिनलवर पीएचपीला विचारलेला आकडा साइटचा नसतो, कारण आदेशावलीसाठीची आयएनआय फाइल वेगळी असते. डेबियन आणि उबंटूवर तिथे उणे एक, म्हणजे अमर्याद, लिहिलेले असते. टर्मिनलवर तासभर सुरळीत चाललेले काम ब्राउझरमध्ये पहिल्याच मिनिटाला पडते, त्याचे एक कारण हे.

मर्यादा कुठे आणि कशी वाढवायची हे कळले तरी मेमरी खाते कोण, हा खरा प्रश्न उरतोच. मजकूर खात नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून मराठी साइट जड होते असा समज ऐकायला मिळतो. अडीच हजार शब्दांचा मराठी लेख पन्नास किलोबाइटच्या आसपास भरतो. तेवढ्याने काही होत नाही. त्याच लेखासोबत छायाचित्रकाराने पाठवलेला ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो मात्र पाहण्यासारखा असतो. फाइल सात मेगाबाइटची दिसते, पण जेपेग ही आवळून बांधलेली वळकटी असते. लहान आकार काढण्यासाठी ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर २ कोटी ४० लाख पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे जवळपास ९२ मेगाबाइट. त्यातून २५६० पिक्सेलची प्रत काढायची तर तिचे सुमारे १७ मेगाबाइट आणखी. वर्डप्रेस आणि प्लगइन स्वतः तीस-चाळीस घेऊन बसलेलेच असतात. १२८ तिथेच संपतात.

वर्डप्रेस चित्राच्या कामासाठी आपणहून २५६ मागते, त्यामुळे बहुतेकदा निभावते. होस्टिंगवाल्याने मर्यादा कुलूपबंद केलेली असेल तर निभावत नाही. मग सर्व्हर व्यग्र आहे किंवा त्याची साधने अपुरी आहेत, चित्र २५६० पिक्सेलपर्यंत लहान करून पाहा, अशी सूचना येते. संपादक मंडळी ती वाचून सर्व्हर मोकळा होण्याची वाट बघतात आणि संध्याकाळी तोच फोटो पुन्हा टाकतात. यात आणखी एक मेख आहे. चित्राचे काम इमॅजिक या एक्स्टेन्शनकडे असेल तर त्याने घेतलेली मेमरी पीएचपीच्या मर्यादेत मोजलीच जात नाही. मर्यादा ओलांडल्याची ओळ येत नाही, पण सर्व्हरची मेमरी खरोखर खर्च झालेली असते. मेमरी लिमिट सगळे पाहत नाही, ही गोष्ट पुढे कामाची ठरते.

दुसरा मोठा खाणारा म्हणजे ‘सगळे एकदम आण’ ही सवय. वर्षभराच्या ऑर्डरींची यादी एक्सेलमध्ये काढणारे, सगळ्या वर्गणीदारांना एकाच फेरीत ईमेल लिहिणारे प्लगइन सुरुवातीला चांगले चालतात, कारण ऑर्डरी दोनशे असतात. त्या आठ हजार झाल्या की तेच बटण साइट पाडते. मर्यादा दुप्पट केली तर ते आणखी एक वर्ष चालते. शंभर-शंभरच्या गटाने आणले तर ६४ मेगाबाइटमध्येही कायमचे चालते. पण त्यासाठी प्लगइनच्या आत हात घालावा लागतो आणि मर्यादा वाढवायला एकच ओळ लागते.

मराठीचा म्हणून वेगळा भार दोन ठिकाणी पडतो. ॲडमिन मराठीत ठेवले की वर्डप्रेसच्या आणि प्रत्येक प्लगइनच्या भाषांतराच्या फाइली मेमरीत घ्याव्या लागतात. इंग्रजीत ठेवले तर त्या लागतच नाहीत. एप्रिल २०२४ मधल्या वर्डप्रेस ६.५ पासून या फाइली पीएचपीच्या रूपातही मिळू लागल्या. त्या पीएचपीच्या ओपकॅशमध्ये राहू शकतात, त्यामुळे हा भार बराच उतरला. दुसरे ठिकाण बिलांच्या पीडीएफचे. त्या बनवणारे डॉमपीडीएफ हलके आहे, पण देवनागरीची जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी त्याला नीट जुळवता येत नाही. ‘किंमत’ हा शब्द ज्याने त्यातून छापून पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. एमपीडीएफ जोडाक्षरे व्यवस्थित बसवते, पण मेमरीच्या बाबतीत खादाड आहे. शुद्ध मराठी बिलाची किंमत मेगाबाइटमध्ये मोजावी लागते ती अशी.

एका मासिकाच्या संकेतस्थळाची हकीकत इथूनच सुरू झाली. साइट दोन गिगाबाइट मेमरीच्या छोट्या व्हीपीएसवर होती. उन्हाळ्यात एका ग्रंथालयाची मोठी एकगठ्ठा मागणी आली, तिचे बिल काढताना १२८ संपले, आणि मर्यादा सरळ ५१२ करण्यात आली. बिल निघाले, सगळे खूश. काही आठवड्यांनी साइट मधूनमधून अडखळू लागली. एफपीएमच्या लॉगमध्ये इशारा होता: मॅक्स चिल्ड्रनची ५ ही मर्यादा गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करावा. मूळ मांडणीत पाचच प्रक्रिया एका वेळी चालतात, हे खरेच कमी होते. आकडा ४० करण्यात आला. लॉगनेच सांगितले होते, त्यामुळे त्यावर कुणी दुसरा विचार केला नाही.

दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी ज्या संध्याकाळी सुरू झाली, त्या संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटागटांतून दुवा फिरला. आठ वाजून काही मिनिटांनी साइटवर एकच वाक्य दिसू लागले: डेटाबेसशी जोडणी करता आली नाही. मायएसक्यूएल पुन्हा सुरू केले, साइट उठली, दहा मिनिटांत परत पडली. असे चारदा झाले. संशय साहजिकच डेटाबेसवर गेला. तक्ते दुरुस्त करण्याचा आदेश चालवला गेला, पासवर्ड तपासले गेले, होस्टिंगवाल्याला तक्रार गेली. मेमरीचे नावही कुणाच्या तोंडी नव्हते, कारण पीएचपीच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची एकही ओळ नव्हती. ती असणारच नव्हती. कुठलीच प्रक्रिया ५१२ च्या जवळपास पोचली नव्हती.

ओळ सापडली ती कर्नलच्या नोंदीत. मेमरी संपली म्हणून अमुक क्रमांकाची प्रक्रिया मारली, असे तिथे चार वेळा लिहिलेले होते आणि चारही वेळा कंसात मायएसक्यूएलचे नाव होते. लिनक्सच्या कर्नलमध्ये मेमरी संपल्यावर कुणाला तरी संपवून बाकीच्यांना वाचवण्याची सोय असते. निवड करताना कोणी किती जागा अडवली आहे हे मुख्यतः पाहिले जाते. चाळीस पीएचपी प्रक्रिया प्रत्येकी ७५ मेगाबाइटच्या होत्या, मायएसक्यूएल एकटे ४५० चे. गर्दी पीएचपीने केली आणि जीव डेटाबेसचा गेला.

हिशेब तिसरीतल्या गुणाकाराचा आहे. चाळीस गुणिले ७५ म्हणजे ३००० मेगाबाइट; सर्व्हरमध्ये सगळे मिळून २०४८. खानावळीच्या भाषेत बोलायचे तर मेमरी लिमिट म्हणजे एका पानात जास्तीत जास्त किती वाढायचे तो नियम, मॅक्स चिल्ड्रन म्हणजे पंगतीत मांडलेले पाट आणि सर्व्हरची मेमरी म्हणजे पातेल्यातला भात. वाढपाचा नियम सैल केल्याने भात वाढत नाही. पाट जास्त मांडल्यानेही वाढत नाही. मर्यादा ५१२ केली म्हणून प्रत्येक प्रक्रिया ५१२ अडवून बसते असेही नाही. लागेल तेवढेच घेते. म्हणूनच हा बदल महिनोन्महिने निरुपद्रवी वाटतो आणि पंगत भरली की अंगावर येतो.

दुरुस्ती उलट्या बाजूने झाली. २०४८ मधून आधी इतरांचा वाटा काढला: ऑपरेटिंग सिस्टिम, वेब सर्व्हर आणि किरकोळ कामे मिळून ३००, मायएसक्यूएलचे ४५०, ओपकॅशचे १२८. उरले ११७० च्या आसपास. त्याला ७५ ने भागले की पंधरा येतात. पंधराच्या पंधरा पाट मांडले तर एखाद्याने मोठा फोटो टाकताच पुन्हा तेच, म्हणून आकडा बारा ठरला. मग तेराव्या वाचकाचे काय? तो ओसरीवर थांबतो. एफपीएमला रांग धरता येते. पान अर्ध्या-एक सेकंदात बांधून होत असेल तर तेराव्याला आपण थांबलो होतो हेही कळत नाही. चाळीस जणांना एकदम बसवून स्वयंपाकघर बंद पाडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. त्या रात्री बारावर आल्यानंतर साइट पडली नाही, आणि गर्दी कमी झाली होती असेही नाही.

पुढच्या आठवड्यात ७५ हा आकडाच इतका का, ते पाहिले गेले. वर्डप्रेसच्या ऑप्शन्स तक्त्यातल्या काही नोंदी प्रत्येक पानाला आपोआप उचलल्या जातात. त्यांची बेरीज काही शे किलोबाइट असावी. इथे ती सहा मेगाबाइट निघाली. तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या एका प्लगइनने आपली सगळी नोंदवही मागे ठेवली होती आणि गुरुजी हजेरी घेतात तशी ती दर पानाला वाचली जात होती: एकदा डेटाबेसच्या उत्तरात, एकदा वर्डप्रेसच्या कॅशमध्ये. ती काढल्यावर सरासरी साठच्या आसपास आली. अशा नोंदींची बेरीज ८०० किलोबाइटच्या वर गेली तर आता साइट हेल्थ स्वतःच सांगते; ही सोय २०२४ मधल्या ६.६ पासून आहे.

शेअर्ड होस्टिंगवर हा हिशेब दुसऱ्याच्या हातात असतो. क्लाउडलिनक्स चालवणाऱ्या होस्टिंगमध्ये प्रत्येक खात्याला एकूण मेमरी आणि एका वेळी आत येणाऱ्या प्रक्रियांची संख्या बांधून दिलेली असते. मूळ मांडणीत एक गिगाबाइट आणि वीस. सीपॅनलमध्ये मेमरी लिमिट ५१२ करण्याची मुभा दिलेली असते, पण खात्याची एकूण मेमरी एकच गिगाबाइट. दोन जड विनंत्या आणि गोष्ट संपली. प्रक्रियांची संख्या ओलांडली की ५०८ नंबरची चूक येते. तिथे मेमरी लिमिट वाढवत बसण्यात अर्थ नाही. पान कॅश करून पीएचपीपर्यंत येणाऱ्या विनंत्याच कमी कराव्यात, किंवा पुढची योजना घ्यावी.

मर्यादेच्या आकड्याइतकीच पीएचपीची आवृत्तीही मेमरी ठरवते, आणि ही गोष्ट फार उशिरा लक्षात घेतली जाते. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने आतली रचनाच बदलली. तीच साइट ५.६ वरून ७ वर नेल्यावर मेमरीचा वापर ठळकपणे उतरत असे. एक ओळही न बदलता मिळणारी एवढी बचत नंतर पुन्हा मिळालेली नाही. तरीही जुन्या आवृत्तीवर बसून राहिलेल्या साइटींची मर्यादा वाढवून घेण्यासाठीच लोक येत राहिले. वर्डप्रेसने स्वतःची किमान अट फार सावकाश वर नेली: २०१९ पर्यंत पीएचपी ५.२.४ चालत असे, वर्डप्रेस ५.२ मध्ये ती अट ५.६.२० झाली, २०२३ मधल्या ६.३ ने ती ७.० वर आणि २०२४ मधल्या ६.६ ने ७.२.२४ वर नेली. २०२५ मध्ये शिफारस मात्र पीएचपी ८.३, मायएसक्यूएल ८.० किंवा मारियाडीबी १०.६ आणि एचटीटीपीएस यांची होती. किमान अट ही साइट उठते एवढीच हमी असते. पीएचपी ७.४ ची सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली आहे, हे त्या अटीत दिसत नाही.

आवृत्ती वाढवणे मेमरी वाढवण्याइतके सोपे नाही. पीएचपी ८.० ने क्रिएट फंक्शन आणि ईच ही जुनी फंक्शने काढून टाकली. दहा वर्षांपूर्वी कुणी तरी बनवून दिलेल्या थीममध्ये त्यांपैकी एक तरी असते, आणि बनवून देणारा आता दुसऱ्याच शहरात दुसरेच काही करत असतो. म्हणून आधी साइटची प्रत वेगळ्या पत्त्यावर उभी करावी, तिथे नवी आवृत्ती लावावी, लॉग उघडा ठेवून प्रत्येक फॉर्म, प्रत्येक बिल, प्रत्येक जुना अंक उघडून पाहावा. नुसते मुखपृष्ठ पाहून ‘चालते’ म्हणणे सगळ्यांत महागात पडते. एक्स्टेन्शनही तपासावीत: एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल, झिप, कर्ल, इंटल आणि चित्रासाठी इमॅजिक किंवा जीडी. एमबीस्ट्रिंग मराठी साइटला विशेष लागते. अक्षरांऐवजी बाइट मोजून मजकूर तोडणारे प्लगइन तीन बाइटांचे अक्षर मधोमध कापतात आणि बातमीच्या सारांशाच्या शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह उभे राहते.

बाकीच्या मर्यादा थोडक्यात. अपलोडची मूळ मर्यादा २ मेगाबाइट आणि पोस्टची ८. पोस्टची अपलोडपेक्षा मोठी आणि मेमरीची पोस्टपेक्षा मोठी ठेवावी. पुढे एनजिनएक्स असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ मेगाबाइट असते आणि ती ओलांडली की ४१३ नंबरची चूक येते. पीएचपीत कितीही वाढवले तरी ती जात नाही. काम चालू ठेवण्याची मुदत ३० सेकंद. मॅक्स इनपुट व्हार्सचा आकडा १००० असतो, आणि तो मात्र गनिमी काव्याने वागतो. जुन्या वर्डप्रेसमध्ये मोठा मेनू जतन केला की हजारावरची मूल्ये गाळली जात आणि मेनूतले शेवटचे दुवे नाहीसे होत. पडद्यावर चूक दिसत नसे. मेनूतले दुवे कुणी तरी मुद्दाम उडवले असा संशय कार्यालयात पसरण्याइतपत वेळ यात गेलेला आहे.

मर्यादेचा आकडा अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येतो. क्वेरी मॉनिटर हा प्लगइन प्रत्येक पानाला लागलेली कमाल मेमरी दाखवतो. मुखपृष्ठ, एक मोठा लेख, ऑर्डरचे पान, ॲडमिनमधली यादी आणि मोठ्यात मोठा फोटो चढवणे एवढे मोजले की चित्र स्पष्ट होते. सर्वांत जड कामाच्या आकड्यावर एक तृतीयांश जास्तीची जागा ठेवावी आणि तिथे थांबावे. साध्या साइटला १२८ पुरतात. वूकॉमर्स स्वतः २५६ मागते आणि ते योग्यच आहे. ५१२ लागत असतील तर कुठले तरी एकच काम ते मागत असते. ते काम पानापासून वेगळे काढता येते का, हे आधी पाहावे. उणे एक कुठल्याही चालू साइटवर लिहू नये. मर्यादा हे कुंपण आहे, आणि एका बिघडलेल्या प्लगइनने अख्खा सर्व्हर गिळू नये म्हणून ते घातलेले असते.

त्या मासिकाची साइट अजून त्याच दोन गिगाबाइटच्या सर्व्हरवर आहे. मर्यादा ५१२ वरून २५६ वर आणली गेली, मॅक्स चिल्ड्रन बारा आहेत, आणि अडीअडचणीला एक गिगाबाइटची स्वॅप ठेवलेली आहे. बिलांच्या पीडीएफ वाचकाच्या विनंतीत निघत नाहीत. रात्री दोननंतर क्रॉनमधून, पंचवीस-पंचवीसच्या गटाने, वेगळी मर्यादा लिहून दिलेल्या आदेशाने निघतात आणि सकाळी ईमेलने जातात.